पॉड रीस्टार्ट केला की चालतं, थोड्या वेळाने पुन्हा ५०४: कुबरनेटीसमधलं हरवलेलं पॅकेट कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच क्लस्टरचे नोड) क्यूबएडीएम या साधनाने उभा केलेला कुबरनेटीस क्लस्टर; पॉडच्या (अॅपचे कंटेनर चालवणारं एकक) नेटवर्कसाठी फ्लॅनेल व्हीएक्सलॅन मोडमध्ये, म्हणजे दुसऱ्या नोडकडे जाणारं पॉडचं पॅकेट यूडीपीच्या वेष्टनात गुंडाळून; आणि दारात बाहेरच्या रिक्वेस्ट आत घेणारा इंग्रेस-एनजिनएक्सचा एकच पॉड. साइट कधी ५०४ देते (मागच्या पॉडचं उत्तर वेळेत आलं नाही), कधी ५०२ (मागची जोडणी नाकारली किंवा तुटली). पॉड डिलीट केला की कधी सगळं सुरळीत होतं, कधी होत नाही. छोटे एपीआय नीट चालतात, पण रिपोर्टचं पान आणि मोठी जेसन उत्तरं अर्धी येऊन लटकतात. तिन्ही नोड एकमेकांना पिंग होतात. मग राउटिंग नेमकं कुठे चुकतंय?

सगळ्यात आधी पॉड डिलीट करणं थांबवा. त्याने काही दुरुस्त होत नाही, पॉडची फक्त जागा बदलते. शेड्युलर नवा पॉड मोकळा नोड बघून टाकतो. तो इंग्रेसच्याच नोडवर पडला तर पॅकेट त्या मशीनच्या बाहेर पडतच नाही, सीएनआय० या ब्रिजवरून थेट पोचतं. दुसऱ्या नोडवर पडला तर त्याला व्हीएक्सलॅनच्या टनेलमधून जावं लागतं. म्हणून ‘रीस्टार्टने चालतं’ असं दिसलं की लगेच हे बघायचं:

क्यूबसीटीएल गेट पॉड्स -ओ वाइड

चालत असताना पॉड कोणत्या नोडवर होता आणि बिघडल्यावर कोणत्या, हे दोन-तीनदा टिपून ठेवा. पुढे मी इंग्रेस नोड-१ वर आहे असं धरतो. नोडचे पत्ते १०.२०.०.११ ते १३, आणि पॉडची जाळी फ्लॅनेलच्या नेहमीच्या १०.२४४.०.०/१६ मधली, प्रत्येक नोडला एक /२४. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशेब तोच.

तुम्ही दिलेली लक्षणं वाचून माझं मत असं, की हा एक बिघाड नाही, तीन आहेत. ५०४ एका कारणाने येतोय, लटकणारी पानं दुसऱ्या, आणि ५०२ चा नेटवर्कशी बहुधा संबंधच नाही. तिन्ही एकाच नावाखाली शोधायला गेलं की एक दुरुस्त केल्यावरही ‘अजून चालत नाही’ असंच वाटत राहतं, आणि बरोबर केलेला बदलही मागे घेतला जातो.

आता लॉग. नुसता स्टेटस कोड बघून भागत नाही, इंग्रेस-एनजिनएक्सच्या अॅक्सेस लॉगमधल्या ओळीचं शेपूट वाचायचं. शेवटच्या रिक्वेस्ट आयडीच्या आधी चार रकाने असतात: मागच्या पॉडचा पत्ता, उत्तराची लांबी, लागलेला वेळ आणि त्या पॉडकडून मिळालेला कोड. तुमच्या ५०४ ची ओळ बहुतेक अशी दिसेल:

१०.२४४.२.१७:८०८०, १०.२४४.२.१७:८०८०, १०.२४४.२.१७:८०८०  ०, ०, ०  ५.०००, ५.००१, ५.०००  ५०४, ५०४, ५०४

पाच-पाच सेकंदांचे तीन प्रयत्न. इंग्रेस-एनजिनएक्सचा कनेक्ट टाइमआउट मुळात ५ सेकंद असतो आणि पुढच्या प्रयत्नांची मर्यादा ३. म्हणून ब्राउझरला बरोबर पंधराव्या सेकंदाला ५०४ मिळतो. अर्थ असा, की जोडणीचं पहिलं एसवायएन पॅकेट गेलं आणि त्याला होही आलं नाही, नाहीही आलं नाही. पॅकेट वाटेत कुणीतरी गिळतंय. याउलट वेळेच्या रकान्यात ६०.०००च्या आसपास आकडा असेल तर जोडणी झालेली आहे, उत्तराची वाट बघताना रीड टाइमआउट संपला. तिथे एकतर अॅप संथ आहे किंवा उत्तराची मोठी पॅकेटं परत येत नाहीत. पंधरा आणि साठ, या दोन आकड्यांतच अर्धं निदान होतं.

५०२ चे प्रकार एरर लॉगमधल्या कंसातल्या आकड्यावरून कळतात. १११ म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: पॅकेट पॉडपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. वेळ ०.००० किंवा ०.००१ दिसेल. इथे राउटिंग निर्दोष आहे. ११३ म्हणजे ‘नो रूट टू होस्ट’, आणि हा संदेश फसवा आहे. राउट टेबल अगदी नीट असतानाही तो येतो, कारण फायरवॉलडीचा (लिनक्सवरची फायरवॉल सेवा) नकार ‘प्रोहिबिटेड’ जातीच्या आयसीएमपी संदेशाने परत येतो आणि लिनक्स त्याचं भाषांतर ‘नो रूट टू होस्ट’ असंच करतो. ११३ दिसला की राउट तपासण्याआधी फायरवॉल तपासा. १०४ म्हणजे समोरच्याने चालू जोडणी तोडली. त्याबद्दल पुढे.

५०३ आला तर सर्व्हिसच्या मागे एकही तयार पॉड नाही. ४०४ आला आणि तो तुमच्या अॅपचा नसेल, तर होस्ट, पाथ किंवा इंग्रेसक्लास जुळत नाही. तुम्हाला हे दोन्ही येत नाहीत, तेव्हा सेलेक्टर आणि रेडिनेस प्रोब यांत डोकं घालू नका.

आणखी एक वेळखाऊ गल्ली आत्ताच बंद करतो. इंग्रेस-एनजिनएक्स सर्व्हिसच्या क्लस्टर आयपीला (पॉडच्या गटाला मिळालेला एक आभासी पत्ता) जातच नाही. तो एंडपॉइंट स्लाइसमधून, म्हणजे सर्व्हिसमागच्या पॉडच्या यादीतून, पॉडचे पत्ते उचलतो आणि थेट पॉडला जोडतो, सर्व्हिस-अपस्ट्रीमचं अॅनोटेशन लावलं नसेल तर. त्यामुळे या प्रवासात क्यूब-प्रॉक्सी (क्लस्टर आयपी पॉडकडे वळवणारा घटक) नाही आणि क्यूब-एसव्हीसी नावाच्या आयपीटेबल्स साखळ्या चाळत बसून हाती काही लागणार नाही. तसंच क्लस्टर आयपीला पिंग करून ‘सर्व्हिस मेली’ असा निष्कर्ष काढू नका. आयपीटेबल्स मोडमध्ये तो पत्ता कुठल्याच इंटरफेसवर नसतो, पिंगला उत्तर न येणं साहजिक आहे.

आता ५०४ चा मुख्य शोध. पॉड नोड-३ वर असताना, म्हणजे बिघाड चालू असताना, नोड-१ वर लॉगिन करून इंग्रेस वगळा आणि थेट पॉडला कर्ल करा:

कर्ल -व्ही --कनेक्ट-टाइमआउट ५ एचटीटीपी://१०.२४४.२.१७:८०८०/

हेही लटकलं तर इंग्रेस सुटला. मग वाट विचारा:

आयपी राउट गेट १०.२४४.२.१७

उत्तरात ‘व्हाया १०.२४४.२.० डेव्ह फ्लॅनेल.१’ असं यायला हवं. त्याऐवजी डीफॉल्ट गेटवे दिसला तर नोड-१ वरच्या फ्लॅनेलला नोड-३ माहीतच नाही. त्या नोडवरच्या फ्लॅनेल पॉडचा लॉग बघा.

राउट बरोबर असेल तर टीसीपीडम्प, म्हणजे इंटरफेसवरची पॅकेटं दाखवणारं साधन. दोन्ही नोडवर एकाच वेळी लावायचा, एका बाजूचा डम्प बघून अंदाज बांधायचा नाही. बाहेरच्या कार्डावर:

टीसीपीडम्प -एनआय ईथ० यूडीपी पोर्ट ८४७२ अँड होस्ट १०.२०.०.१३

आणि दुसऱ्या टर्मिनलवर आतल्या इंटरफेसवर:

टीसीपीडम्प -एनआय फ्लॅनेल.१ टीसीपी पोर्ट ८०८०

नोड-३ वर पहिल्या आज्ञेत पत्ता नोड-१ चा, म्हणजे १०.२०.०.११ घाला. लिनक्सवर फ्लॅनेलचा व्हीएक्सलॅन यूडीपी ८४७२ वर चालतो. अधिकृत नोंदणीचा पोर्ट ४७८९ आहे आणि कॅलिको (फ्लॅनेलसारखंच दुसरं पॉड-नेटवर्क साधन) तोच वापरतो, त्यामुळे इतर कुठल्या लेखातून उचललेला फायरवॉल नियम इथे चुकीचा पोर्ट उघडतो. ही चूक फार जणांची होते. ‘व्हीएक्सलॅनचा पोर्ट उघडला आहे’ असं कुणी सांगितलं तर कोणता, ते विचारा.

डम्प वाचताना एक नियम डोक्यात ठेवा. टीसीपीडम्प येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो आणि जाणारं पॅकेट फायरवॉलच्या नंतर. म्हणजे नोड-१ च्या ईथ० वर जाताना दिसलं तर ते नोड-१ च्या फायरवॉलमधून सुटलेलं आहे. पण नोड-३ च्या ईथ० वर येताना दिसलं म्हणजे नोड-३ च्या फायरवॉलने ते आत सोडलं असं होत नाही.

आता पॅकेट कुठे नाहीसं होतं ते बघू. नोड-१ च्या ईथ० वरून निघतंय पण नोड-३ च्या ईथ० ला पोचत नाही: दोष मधल्या थरात. क्लाउड असेल तर सिक्युरिटी ग्रुपमध्ये यूडीपी ८४७२ तिन्ही नोडमध्ये आपापसात उघडा. टीसीपी सगळा उघडून यूडीपी विसरणं हा इथला ठरलेला प्रकार, आणि म्हणूनच नोडवर एसएसएच होतो, पिंग होतो आणि पॉड मात्र बोलत नाहीत. पिंग हे आयसीएमपी आहे, टनेल यूडीपी आहे, एकाच्या जोरावर दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

नोड-३ च्या ईथ० वर ८४७२ दिसतोय पण फ्लॅनेल.१ कोरडा: बहुतेक वेळा नोड-३ चीच फायरवॉल. फायरवॉलडी असेल तर

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अॅड-पोर्ट=८४७२/यूडीपी

आणि त्याबरोबर सीएनआय० व फ्लॅनेल.१ हे दोन्ही इंटरफेस ट्रस्टेड झोनमध्ये टाका, मग रिलोड. नुसता पोर्ट उघडला तर पॅकेट टनेलमधून बाहेर येतं आणि पुढे फॉरवर्डच्या टप्प्यावर पुन्हा अडतं, तेव्हा ११३ दिसायला लागतो. फायरवॉल मोकळी असूनही फ्लॅनेल.१ कोरडाच राहिला तर घेणाऱ्या बाजूच्या डम्पला -व्हीव्ही लावून ‘बॅड यूडीपी चेकसम’ येतं का बघा. पाठवणाऱ्या बाजूला ते दिसलं तर दुर्लक्ष करा, चेकसम नंतर कार्ड भरतं. घेणाऱ्या बाजूला दिसलं तर ते खरं. काही कर्नल आणि व्हर्च्युअल कार्डांच्या जोड्यांमध्ये टनेलचा चेकसम ऑफलोड बिघडलेला असतो. पाठवणाऱ्या नोडवर तो बंद करून बघा:

ईथटूल -के फ्लॅनेल.१ टीएक्स-चेकसम-आयपी-जेनेरिक ऑफ

यातला ‘के’ मोठ्या लिपीतला आहे. छोटा नुसती यादी दाखवतो. हा बदल रीबूटनंतर टिकत नाही, सिस्टीमडीच्या युनिटमध्ये किंवा यूडेव्हच्या नियमात लिहून ठेवावा लागतो.

फ्लॅनेल.१ वर दिसतंय पण सीएनआय० वर नाही: फॉरवर्डिंग. सिसीटीएलमध्ये नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड १ आहे का बघा, आणि आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण. नोडवर डॉकरही बसवलेला असेल तर तो १.१३ आवृत्तीपासून हे धोरण ड्रॉप करतो. फ्लॅनेल स्वतःचे परवानगीचे नियम घालतो, पण त्यांच्या वर कुणी रिजेक्ट घातला असेल तर तोच आधी लागतो. नोडला दोन नेटवर्क कार्डं असतील तर आरपी_फिल्टरचाही संशय घ्या. १ म्हणजे कडक तपासणी: ज्या कार्डावरून आलं त्याच कार्डाने परतीची वाट नसेल तर पॅकेट टाकून दे, आणि लॉगमध्ये अवाक्षर नाही. ‘ऑल’ आणि त्या इंटरफेसचं मूल्य यातलं जे मोठं ते लागू होतं, म्हणून एकट्या इंटरफेसला ० करून काही होत नाही. २ केलं तर सैल तपासणी होते. एनस्टॅटमधला आयपीरिव्हर्सपाथफिल्टर नावाचा काउंटर वाढत असेल तर चोर सापडला.

दोन कार्डांचा आणखी एक त्रास म्हणजे फ्लॅनेल डीफॉल्ट राउट असलेलं कार्ड उचलतो. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंटवर पहिलं कार्ड नॅटचं असतं आणि प्रत्येक व्हीएममध्ये त्याचा पत्ता तोच, १०.०.२.१५. मग प्रत्येक नोड इतरांना सांगतो की ‘मी १०.०.२.१५ आहे’, आणि टनेल स्वतःकडेच वळतं. नोडच्या अॅनोटेशनमध्ये फ्लॅनेलचा पब्लिक-आयपी बघा. किंवा

ब्रिज एफडीबी शो डेव्ह फ्लॅनेल.१

यात प्रत्येक परक्या नोडच्या मॅकसमोर त्याचा खरा पत्ता हवा. चुकीचा असेल तर फ्लॅनेलच्या डीमनसेटमध्ये --आयफेस देऊन योग्य कार्ड सांगा. व्हीएम क्लोन करून बनवल्या असतील तर मॅक, प्रॉडक्ट_यूयूआयडी आणि मशीन-आयडी तिन्हीकडे वेगळे आहेत ना, हेही बघून घ्या. मॅक आणि प्रॉडक्ट_यूयूआयडी वेगळे असणं ही क्यूबएडीएमची पूर्वअटच आहे.

आता दुसरा बिघाड, लटकणारी पानं. हे एमटीयूचं (एका पॅकेटचा कमाल आकार) प्रकरण आहे असं मी जवळपास खात्रीने म्हणतो, कारण छोटं जातं, मोठं अडतं, आणि अॅक्सेस लॉगमध्ये कोड २०० दिसतो. होय, २००. हेडर छोट्या पॅकेटमधून आलेले असतात, इंग्रेस २०० लिहून मोकळा होतो, पुढचा मजकूर येत नाही आणि एरर लॉगमध्ये साठ सेकंदांनी ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ उमटतं. म्हणून फक्त ५०० च्या वरचे कोड मोजणारा डॅशबोर्ड हा बिघाड दाखवतच नाही. हेडर आणि मजकूर एकाच भरलेल्या पॅकेटमध्ये गेले असतील तर मात्र तेही अडतात, लॉगमध्ये साठ-साठ सेकंदांचे प्रयत्न दिसतात आणि शेवटी ५०४ येतो.

हिशेब असा. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचं वेष्टन चढवतो. नोडच्या कार्डाचा एमटीयू १५०० असेल तर फ्लॅनेल पॉडला १४५० देतो. तुमच्या नोडवर /रन/फ्लॅनेल/सबनेट.ईएनव्ही या फाइलमध्ये फ्लॅनेल_एमटीयू दिसेल. गणित इथवर बरोबर. गोची होते ती नोडचं कार्ड १५०० म्हणत असताना खालचा रस्ता तेवढा रुंद नसला की. ओपनस्टॅकमध्ये टेनंटचं नेटवर्क स्वतःच व्हीएक्सलॅनवर असेल तर तिथे १४५० च उरतात. गुगल क्लाउडचा डीफॉल्ट १४६०. नोड वायरगार्डने जोडले असतील तर १४२०. व्हीएमला डीएचसीपीने योग्य आकडा मिळतो, पण कुणी नेटप्लॅनमध्ये पत्ता हाताने लिहिला आणि एमटीयू लिहायचा राहिला, की कार्ड १५०० वर जाऊन बसतं. मग १५०० चं बाहेरचं पॅकेट मधला व्हर्च्युअल स्विच गुपचूप टाकून देतो. वाटेत राउटर असेल तर तो तुकडे करेल, पण यूडीपीचे तुकडे बऱ्याचदा पुढची फायरवॉल अडवते.

तपासायचं असं. नोड ते नोड, तुकडे करायला मनाई करून:

पिंग -एम डू -एस १४७२ १०.२०.०.१३

इथेही ‘एम’ मोठ्या लिपीतला. १४७२ अधिक २८ बाइट हेडर म्हणजे १५००. साध्या पिंगचं पॅकेट ८४ बाइटचं असतं, म्हणून तुमची पिंग चालली यात आश्चर्य नाही. दुचाकी गेली म्हणून त्याच बोळातून टेम्पो जाईल असं नसतं. १४७२ ला उत्तर आलं नाही तर १४३२, १४२२, १३९२ असं उतरत जा. सर्वात मोठा चालणारा आकडा अधिक २८, हा रस्त्याचा खरा एमटीयू. समजा १४२२ गेलं आणि १४२३ अडलं, तर रस्ता १४५० चा आहे आणि पॉडला १४०० हवेत.

दुरुस्ती मुळात करा. प्रत्येक नोडच्या कार्डावर नेटप्लॅन किंवा एनएमसीएलआयने खरा एमटीयू कायमचा लिहा, त्या नोडचा फ्लॅनेल पॉड नव्याने सुरू करा, आणि सबनेट.ईएनव्ही मधला आकडा १४०० झाला का बघा. एवढ्यावर थांबू नका. आधीपासून चालू असलेल्या पॉडची वेथ जोडी (पॉडला नोडशी जोडणारे आभासी इंटरफेस) जुन्याच १४५० वर राहते. एकेक नोड ड्रेन करून (पॉड दुसरीकडे हलवून) रीबूट करणं सगळ्यात स्वच्छ. हे न करता ‘एमटीयू बदलूनही फरक पडला नाही’ असं म्हणणारे बरेच असतात.

रीबूटची वेळ मिळेपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) आवळता येतो, पण नेहमीचा ‘क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू’ इथे उपयोगाचा नाही. तो बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा एमटीयू विचारतो, आणि चुकीचा आकडा तर तिथेच लिहिलेला आहे. थेट आकडा द्या: मँगल टेबलच्या फॉरवर्ड साखळीत टीसीपीच्या एसवायएन पॅकेटवर --सेट-एमएसएस १३६०, म्हणजे १४०० वजा ४०. हे तिन्ही नोडवर लावायचं. यूडीपीला याचा फायदा नाही.

याच बिघाडाचा एक छुपा अवतार टीएलएसमध्ये दिसतो. पॉड आपापसात एचटीटीपीएस बोलत असतील तर ‘क्लायंट हॅलो’ जातो आणि तिथेच सगळं गोठतं, कारण सर्व्हरची सर्टिफिकेट साखळी काही किलोबाइटची असते आणि ती पहिलीच मोठी पॅकेटं असतात. लोक सर्टिफिकेट बदलत बसतात.

तिसरा भाग, ५०२. एरर लॉगमध्ये १११ असेल तर अॅप १२७.०.०.१ वर ऐकतंय का बघा. पॉडच्या आत एसएस -एलटीएन चालवा, ०.०.०.० किंवा तारांकित पत्ता दिसायला हवा. इमेजमध्ये एसएस नसेल तर क्यूबसीटीएल डीबगने नेटशूटची (नेटवर्क तपासणीच्या साधनांची) इमेज त्याच पॉडला जोडा. इथे एक सापळा आहे: क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या आतल्या लोकलहोस्टला जोडतो. त्यामुळे अॅप फक्त १२७.०.०.१ वर असलं तरी पोर्ट-फॉरवर्डने पान मस्त उघडतं आणि दोष नेटवर्कवर ढकलला जातो.

पण तुमचा ५०२ मधूनच येतो, तेव्हा माझा रोख १०४ किंवा ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ यावर आहे. इंग्रेस-एनजिनएक्स मागच्या जोडण्या ६० सेकंद उघड्या ठेवून पुन्हा वापरतो. नोड.जेएसचा कीप-अलाइव्ह टाइमआउट मुळात ५ सेकंदांचा असतो, गुनिकॉर्नचा २. अॅप जोडणी बंद करतंय त्याच क्षणी इंग्रेस तीवर नवी रिक्वेस्ट टाकतो आणि तोंडावर आरएसटी (जोडणी तोडणारं पॅकेट) खातो. गेट असेल तर एनजिनएक्स गुपचूप पुन्हा प्रयत्न करतो, कुणाला कळत नाही. पोस्ट एकदा पाठवून झाली की पुन्हा पाठवत नाही, कारण पैसे दोनदा कापले जायला नकोत. म्हणून ५०२ आलेल्या रिक्वेस्ट गाळून बघा. त्या जवळपास सगळ्या पोस्ट असतील तर हेच कारण. अॅपचा टाइमआउट इंग्रेसपेक्षा मोठा करा: नोड.जेएसमध्ये कीपअलाइव्हटाइमआउट ६५००० मिलिसेकंद आणि हेडर्सटाइमआउट त्याहून थोडा जास्त. उलट बाजूने इंग्रेसच्या कॉन्फिगमॅपमध्ये अपस्ट्रीम-कीपअलाइव्ह-टाइमआउट अॅपपेक्षा छोटा, नोड.जेएसच्या ५ साठी ४ सेकंद, केला तरी चालतं, फक्त तो सगळ्याच अॅपना लागू होतो.

५०२ फक्त नवी आवृत्ती टाकताना येत असतील तर गोष्ट वेगळी. पॉडला टर्म सिग्नल जाणं आणि एंडपॉइंटच्या यादीतून त्याचं नाव उडणं या दोन गोष्टी समांतर चालतात, आणि बऱ्याचदा पॉड आधी मरतो. प्रीस्टॉपमध्ये (पॉड बंद होण्याआधी चालणारा टप्पा) ५ ते १० सेकंदांची झोप घाला. शेल नसलेल्या इमेजसाठी कुबरनेटीस १.३० पासून प्रीस्टॉपमध्ये थेट स्लीप कृती मिळते. ही झोप ३० सेकंदांच्या ग्रेस कालावधीतूनच वजा होते, तेव्हा अॅपला आवरायला वेळ उरतो ना, ते पाहून आकडा ठरवा.

तुमच्या लक्षणांत न बसणाऱ्या पण याच घोळात मिसळणाऱ्या काही गोष्टी झटपट सांगतो. पॉडमधून दुसऱ्या सर्व्हिसचा क्लस्टर आयपी, मागचा पॉड दुसऱ्या नोडवर असताना चालतो आणि त्याच नोडवर असताना चालत नाही, असं उलटं दिसलं तर बीआर_नेटफिल्टर मॉड्यूल लोड नाही. परतीचं पॅकेट ब्रिजवरून थेट जातं, पत्ता मागे बदलला जात नाही आणि पाठवणारा ते ओळखत नाही. नाव शोधायला नेमके ५ सेकंद लागत असतील तर ते डीएनएसचं हरवलेलं पॅकेट, ग्लिबसीचा टाइमआउट ५ सेकंदांचाच आहे. जोडणीला १ किंवा ३ सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतोय म्हणजे एसवायएन पुन्हा पाठवावं लागतंय. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) ‘कॉनट्रॅक टेबल फुल’, म्हणजे चालू जोडण्यांची नोंदवही भरली, असं आहे का बघा. ठरावीक ऑफिसातूनच साइट दिसत नसेल तर पत्त्यांची टक्कर शोधा. क्यूबएडीएमची सर्व्हिस जाळी १०.९६.०.०/१२ म्हणजे १०.१११.२५५.२५५ पर्यंत पसरते, आणि कॅलिकोच्या नमुना फाइलमधली १९२.१६८.०.०/१६ तर निम्म्या ऑफिसांच्या लॅनवर जाऊन बसते. एक्सटर्नल-ट्रॅफिक-पॉलिसी ‘लोकल’ असेल तर ज्या नोडवर पॉड नाही तिथे आलेली बाहेरची रिक्वेस्ट मुद्दामच टाकली जाते, तो बिघाड नाही; लोड बॅलन्सरची हेल्थ चेक योग्य पोर्टकडे वळवा. नेटवर्कपॉलिसीचा संशय तुम्ही घेऊ नका, एकटा फ्लॅनेल ती अमलात आणतच नाही.

क्रम असा ठेवा: आधी ८४७२ आणि फायरवॉल, मग एमटीयू, मग कीप-अलाइव्ह. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्या दिशा तपासायच्या. नेटशूटचा डीमनसेट टाकला की प्रत्येक नोडवर एक पॉड मिळतो. तीन नोड म्हणजे सहा दिशा, कारण १ कडून ३ ला जातं म्हणून ३ कडून १ ला जाईलच असं नाही, फायरवॉल दोन्ही टोकांना वेगळी असते. प्रत्येक दिशेला एक साधा पिंग आणि एक -एम डू -एस १३७२ चा, म्हणजे पॉडचा एमटीयू १४०० धरून. बाराही पास झाले की एका नोडला रीबूट करून तेच बारा पुन्हा करा. हाताने दिलेले सिसीटीएल, ईथटूल आणि आयपीटेबल्सचे बदल फाइलमध्ये लिहायचे राहिले असतील तर ते इथेच कळतं, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटच्या रात्री कळतं.

सहाही दिशा पास होऊनही पंधरा सेकंदांचा ५०४ आला तर पुढच्या प्रश्नात या चार गोष्टी जोडा: इंग्रेस लॉगची पूर्ण ओळ, त्या वेळचं ‘गेट पॉड्स -ओ वाइड’चं उत्तर, दोन्ही नोडवरचे एकाच वेळचे डम्प, आणि दोन्हीकडचं आयपी -डी लिंक शो फ्लॅनेल.१.